पाठ टेकली तर टेकू द्या

प्रश्न : मी मूळचा सांगली जिल्ह्यातला. वयाच्या बाराव्या वर्षापासून बाविसाव्या वर्षापर्यंत गावच्या तालमीत मातीवरची कुस्ती केली, जत्रांच्या मैदानांत लढलो, पुढे नोकरीसाठी पुण्याला आलो आणि कुस्ती सुटली. आता वय 33, वजन 92 किलो. सहा महिन्यांपासून घराजवळच्या ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या (जमिनीवरच्या पकडी आणि गळा आवळण्याच्या डावांच्या खेळाच्या) वर्गाला जातो. उभ्याने मला तिथे फारसे कोणी आवरत नाही; पट काढून, म्हणजे पाय धरून, समोरच्याला खाली घेणे अजूनही सहज जमते. पण खाली गेल्यावर दर वेळी माझाच गळा सापडतो. कधी पट काढतानाच समोरचा मान काखेत धरतो, तर कधी पाठीवर चढून गळा आवळतो. माझ्याहून तीस किलोंनी हलकी असलेली एक महाविद्यालयीन मुलगीसुद्धा मला टॅप करायला (हार मान्य करून थोपटायला) लावते. मोबाइलवर सुटकेचे व्हिडिओ पुष्कळ पाहिले, पण ऐन वेळी एकही उपयोगी पडत नाही. गेल्या महिन्यात हट्टाने टॅप केला नाही, तेव्हा काही क्षण शुद्ध गेली. कोचनी त्या दिवशी मला पुढे खेळू दिले नाही. थोडा वेळ बसून मी दुचाकीवरून घरी आलो. बायकोला हे कळल्यापासून ती वर्ग सोडा म्हणते. खरे सांगायचे तर टॅप करणे मला अजूनही हार खाल्ल्यासारखे वाटते. दोन महिन्यांनी व्हाइट बेल्टच्या, म्हणजे नवशिक्यांच्या, स्पर्धेत उतरायची इच्छा आहे. माझे नेमके चुकते कुठे, आणि या वयात मान अशी धोक्यात घालावी का?
— एक माजी पैलवान, पुणे

उत्तर : नमस्कार. तुम्ही शेवटी विचारलेला मानेच्या धोक्याचा प्रश्न मी आधी घेतो, कारण पुढची सगळी चर्चा त्याच्या उत्तरावर उभी आहे. मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरॉटिड धमन्या जातात. नीट लागलेला चोक, म्हणजे गळा आवळण्याचा डाव, या दोन्ही धमन्यांवर एकाच वेळी दाब देतो. श्वासनलिकेवर त्याचा भार जवळजवळ नसतोच. मेंदूचा रक्तपुरवठा घटला की साधारण दहा सेकंदांत, कधी त्याही आधी, शुद्ध हरपते आणि पकड लगेच सुटली तर काही सेकंदांत माणूस भानावर येतो. पैलवानाला घातक ठरणारी गोष्ट ही की, असा चोक फारसा दुखत नाही. तालमीत तुम्ही दुखण्यावरून धोका ओळखायला शिकलात. खांदा किंवा गुडघा मुरगळू लागला की शरीर ओरडून सांगते आणि सोसायचे की नाही हे तुम्ही ठरवता. इथे शरीर ओरडत नाही. कानांत घुमल्यासारखा आवाज येतो, नजरेच्या कडा अंधारतात, चेहरा तापतो, आणि ‘अजून थोडे सोसू’ असे म्हणणारे मनच बंद पडते. वर्षानुवर्षे कमावलेली भरदार मान इथे एखाददुसरा क्षण मिळवून देईल, त्याहून अधिक काही देणार नाही.

याउलट श्वासनलिकेवर, म्हणजे कंठमण्यावर, दाब आला तर तो लगेच दुखतो, ठसका लागतो, आणि तिथली कूर्चा दुखावण्याची भीतीही खरी असते. अशा दाबाखाली चिवटपणा दाखवण्यात काहीच अर्थ नाही. सरावानंतर आवाज बसला, गिळताना दुखू लागले किंवा श्वास घेताना घरघर ऐकू आली, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. मानेच्या एकाच बाजूला नव्याने दुखणे, पूर्वी कधी नव्हती तशी डोकेदुखी, एक पापणी खाली येणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, हातापायात अशक्तपणा जाणवणे, यांपैकी काहीही झाले तर, ते सरावानंतर काही दिवसांनी झाले तरी, थेट रुग्णालयात जावे आणि मानेवर दाब आला होता हे तिथे आवर्जून सांगावे. धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडण्याचा प्रकार दुर्मीळ आहे, पण तो घडतो, आणि त्यात वेळेला फार महत्त्व असते. तुम्हाला रक्तदाबाचा त्रास असेल, रक्त पातळ करणारे औषध चालू असेल किंवा मानेच्या मणक्यांचे जुने दुखणे असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चोकचा सराव करू नये. आणि तेहतिशीत रक्तदाब निदान एकदा तरी मोजून घेतलेला असावा.

शुद्ध गेली त्या दिवशी तुम्ही दुचाकी चालवत घरी गेलात, हे मला अजिबात पटलेले नाही. कोचनी खेळ थांबवला ते योग्यच केले; वर्गातल्या कोणीतरी तुम्हाला घरी सोडायला हवे होते. कोणाची शुद्ध गेली तर काय करायचे, हे वर्गातल्या सर्वांनाच ठाऊक असायला हवे : पकड तत्क्षणी सोडावी, माणसाला उताणे निजवून श्वास पाहावा, श्वास नीट चालू असेल तर कुशीवर वळवावे, तोंडात पाणी घालू नये, गदागदा हलवू नये. अर्ध्या मिनिटात तो भानावर आला नाही किंवा श्वास नीट नसला, तर 108 ला फोन करावा. श्वास थांबलेला असेल तर छातीवर दाब देण्यास तिथल्या तिथे सुरुवात करावी. तुमच्या पत्नीची काळजी रास्त आहे. मात्र त्यावरचा उपाय वर्ग सोडणे हा नसून वेळेवर टॅप करणे हा आहे, असे माझे मत आहे, आणि ते त्यांना तुम्ही शब्दांनी नव्हे, तर पुढच्या काही महिन्यांच्या वागण्यातून पटवून द्यावे लागेल.

टॅपविषयी तुम्हाला एकच विचारतो. तालमीत सकाळच्या सरावात थोरल्या पैलवानांनी तुम्हाला किती वेळा चीत केले, याचा हिशोब तुम्ही कधी ठेवला होता का? नसणारच. हिशोब मैदानातल्या कुस्तीचा असतो; सरावात पाठीला माती लागली की झटकायची आणि पुन्हा जोड धरायची, ही तुमच्याच तालमीची रीत आहे. टॅपचे तेवढेच मोल समजा. समोरच्याच्या अंगावर, त्याला स्पष्ट कळेल असे, दोन-तीन वेळा थोपटा. हात अडकले असतील तर तोंडाने ‘टॅप’ म्हणा किंवा पाय मॅटवर आपटा. गळ्यावर दोन्ही बाजूंनी दाब जाणवला आणि पुढची हालचाल सुचत नसली, तर तीच टॅपची वेळ, असा नियम निदान पहिले वर्षभर तरी पाळा. अंधारी येण्याची वाट पाहणारा खेळाडू, काही शिकण्याची संधी असलेले शेवटचे दोन-तीन क्षण निव्वळ सोसण्यात घालवतो.

आता तुमचे नेमके चुकते कुठे, ते पाहू. पत्र वाचताना माझे लक्ष गळ्याकडे कमी आणि पाठीकडे अधिक गेले. दहा वर्षे तुम्ही एकाच गोष्टीची धास्ती मनात मुरवली, ती म्हणजे दोन्ही खांदे जमिनीला लागण्याची. त्यामुळे तोल गेला की तुमचे शरीर विचार न करता पालथे होते. मातीवरच्या कुस्तीत हे शहाणपणच आहे. पालथा पैलवान हरलेला नसतो, वरच्याला त्याला उलटवावे लागते, आणि गळा आवळणे नियमातच बसत नसल्यामुळे मागे बसलेल्याची मानेला फारशी भीती नसते. जिउ-जित्सूत हा हिशोब पूर्ण उलटा आहे. इथे पाठ टेकल्याने कोणी हरत नाही. उताणे पडून दोन्ही पायांनी समोरच्याला आवरणे, ज्याला गार्ड म्हणतात, ही तर लढण्याची एक रीतसर जागा आहे. पाठ दाखवणे मात्र सर्वांत महाग पडते. आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघाच्या नियमांनुसार समोरच्याला खाली घेण्याचे 2 गुण, गार्ड ओलांडण्याचे 3, आणि माउंट (छातीवर मांड ठोकून बसणे) किंवा पाठीवरचा ताबा यांचे प्रत्येकी 4 गुण मिळतात. म्हणजे तुम्ही पट काढून दोन कमावता, आणि पुढच्या झटापटीत पालथे होऊन चार देऊन बसता; शिवाय गळा त्याच्या हाती जातो तो वेगळाच.

या खेळाचा इतिहासही हेच सांगतो. मित्सुयो माएदा हा जपानी जुदोपटू 1914 मध्ये ब्राझीलला पोहोचला. त्याच्याकडून बेलेम शहरात कार्लोस ग्रेसी शिकला, आणि पुढे कार्लोस व त्याचा धाकटा भाऊ हेलिओ यांनी जुदोतल्या जमिनीवरच्या भागाला आपल्या खेळाचा कणा केले. तुमच्यासारख्या पैलवानाने अभ्यासावी अशी लढत मात्र बरीच अलीकडची आहे. डिसेंबर 1994 मध्ये अमेरिकेतल्या टल्सा शहरात यूएफसी या मिश्र युद्धकलांच्या लढतींच्या मालिकेतल्या चौथ्या स्पर्धेची अंतिम लढत हेलिओचा मुलगा रॉयस ग्रेसी आणि नामांकित कुस्तीगीर डॅन सेव्हर्न यांच्यात झाली. सेव्हर्न तीसहून अधिक किलोंनी जड होता. त्याने रॉयसला खाली घेतले आणि सुमारे पंधरा मिनिटे तो वरच राहिला. कोणत्याही आखाड्यात ती कुस्ती केव्हाच निकाली ठरली असती. पाठीवर पडलेल्या रॉयसने वाट पाहिली, सेव्हर्नची मान आणि एक हात आपल्या दोन पायांच्या कैचीत घेतला, आणि ट्रँगल चोकने त्याला टॅप करायला लावले. (लढत इतकी लांबली की दूरचित्रवाणीवरच्या प्रक्षेपणाची ठरलेली वेळ संपली आणि पैसे भरून पाहणाऱ्या अनेकांना शेवटच दिसला नाही.) त्या रात्री सेव्हर्नची ताकद किंवा दम कमी पडला नव्हता, वर असणे म्हणजे जिंकत असणे, ही त्याच्या अंगात भिनलेली समजूत त्याला महागात पडली. तुमचीही तीच आहे.

प्रथम पट काढतानाच्या चोकचे पाहू, कारण तो सुधारायला सर्वांत सोपा आहे. तुम्ही ज्याला मान काखेत धरणे म्हणता तो गिलोटिन. तो लागतो, कारण पट काढताना तुमचे डोके खाली झुकते आणि समोरच्याच्या बरगडीबाहेर जाते. मातीत त्याची शिक्षा मिळत नव्हती, म्हणून ती सवय राहून गेली. पटात शिरताना नजर वर ठेवा, कपाळाची बाजू त्याच्या छातीला किंवा बरगडीला घट्ट चिकटवा, आणि एकेरी पटात डोके आतल्या बाजूलाच राहू द्या. डोके बाहेर ठेवूनच डाव करायचा असेल, तर पाय हाती येताच सरळ पुढे रेटत न बसता बाजूला वळून त्याला पाडा, म्हणजे काखेत मान धरायला त्याला कोन मिळत नाही. एवढे करूनही मान सापडली, तर पहिल्या क्षणी दोन्ही हातांनी त्याचे गळ्याखालचे मनगट पकडून खाली ओढा. धक्का देऊन सुटण्याचा प्रयत्न करू नका. मागे झटका दिला की फास अधिकच आवळतो.

गिलोटिन धरून तो स्वतःच खाली बसला, तर पुढचा प्रश्न तुम्ही त्याच्या कोणत्या बाजूला जाता हा असतो, आणि बहुतेक नवशिके इथेच फसतात. डोके त्याच्या डाव्या काखेत असेल तर तुमचे धड त्याच्या उजव्या बाजूला गेले पाहिजे, म्हणजेच डोक्याच्या विरुद्ध बाजूला. त्याच्या दोन पायांच्या मधोमध राहिलात, तर पायांनी कंबर आवळून तो तुम्हाला लांबवतो आणि चोक पूर्ण होतो. विरुद्ध बाजूला पोहोचून छातीने भार दिलात, तर त्याच्या हातातली मान ही त्याचीच अडचण होते, कारण तुमचा खांदा त्याच्या गळ्यावर येतो. जानेवारी 2006 मध्ये जेसन व्हॉन फ्लू या अमेरिकी खेळाडूने यूएफसीत नेमके असेच, गिलोटिन धरून बसलेल्या प्रतिस्पर्ध्याला खांद्याच्या दाबाने बेशुद्ध केले, आणि त्या उत्तराला आज सगळीकडे त्याचेच नाव आहे. तुमच्या वजनाच्या आणि छातीने दाबण्याची सवय असलेल्या माणसाला हा डाव फार लवकर बसेल. सरावात मात्र तो हळू लावा, कारण पकड न सोडणारा समोरचा खेळाडू स्वतःच्या हट्टाने अडकलेला असतो आणि त्याला टॅप करायचे सुचेलच असे नाही.

आता पाठीवरच्या चोककडे, म्हणजे रिअर नेकेड चोककडे, वळू. त्याचे उत्तर शिकण्याआधी तो स्वतः लावायला शिका, असे मी आग्रहाने सांगेन. आवळणाऱ्या हाताचे कोपर समोरच्याच्या हनुवटीच्या बरोबर खाली, मधोमध आले, की दंड एका धमनीवर आणि कोपरापुढचा हात दुसऱ्या धमनीवर बसतो. त्या हाताचा पंजा दुसऱ्या दंडावर जातो, दुसरा पंजा डोक्यामागे जातो, आणि मग छाती फुगवून, पाठीच्या स्नायूंनी आवळले जाते. यातली एकेक पायरी तुमच्या हातांना कळली, की त्यातली कोणती पायरी मोडायची हे तुमच्या मानेलाही कळेल. ती हलकी मुलगी तुम्हाला सहज अडकवते याचे एक कारण हेच, आणि दुसरे तिचा बारीक हात. जाडजूड दंडाला जिथे फट मिळत नाही, तिथे बारीक मनगट हनुवटीखालून अलगद सरकते. तिच्याकडून टॅप घेण्याची लाज वाटून घेण्यापेक्षा सरावानंतर पाच मिनिटे मागून घेऊन, ती हात नेमका केव्हा सरकवते हे तिलाच विचारा.

उत्तराची सुरुवात पाठीवर कोणी चढण्याआधीच होते. पालथे पडून हात पसरणे, छाती मॅटला चिकटवणे, हे मातीतले बचाव इथे पूर्ण बंद करा. सवारीत मांड्यांमध्ये पाय घालून वरचा पैलवान खालच्याला जखडतो, तसेच पाय इथेही येतात, त्यांना हूक म्हणतात. आणि हूक लागलेल्या अवस्थेत पोटावर सपाट झालेल्या माणसाजवळ जवळजवळ काहीच उरत नाही. गुडघ्यांवर आलातच, तर कोपरे मांड्यांना चिकटवून ठेवा, हात गळ्याजवळ ठेवा आणि तिथे थांबू नका. उभे राहा किंवा कंबर फिरवून समोर तोंड करा. उठून उभे राहण्याची ताकद तुमच्याकडे वर्गातल्या कोणाहूनही जास्त असणार, फक्त ती तुम्ही वापरत नाही, कारण पालथे राहणे तुम्हाला अजून सुरक्षित वाटते.

हूक लागलेच, तर नवशिक्याचे हात पायांकडे जातात आणि तेवढ्यात गळा जातो. आधी हात, मग पाय, हा क्रम सोडू नका. खांद्यावरून येणारा हात हा आवळणारा हात. त्याच्या मनगटाला तुमचे दोन्ही हात लागले पाहिजेत. खडाखडीत, म्हणजे कुस्तीच्या सुरुवातीच्या हातझटापटीत, मनगटे तोडण्याचा जो सराव तुम्ही वर्षानुवर्षे केलात, तो इथे अक्षरशः जसाच्या तसा उपयोगी आहे, फक्त एकेकट्या बोटांना हात घालू नका, बोटे मुरडणे नियमबाह्य आहे. हनुवटी छातीला टेकवून ठेवा, पण तिच्यावर विसंबू नका. ती दोन-तीन सेकंद मिळवून देते, आणि अनुभवी खेळाडू जबड्यावरूनसुद्धा असे दाबतो की हनुवटी आपोआप वर येते. आवळणारा हात गळ्याखाली गेलाच, तर डोक्यामागे जाऊ पाहणारा दुसरा पंजा पकडून पुढे ओढा, कारण तो जागेवर बसेपर्यंत फास पूर्ण होत नाही. दोन्ही पंजे जागेवर बसले, तर टॅप करा. त्यापुढच्या सुटकेचे जे व्हिडिओ तुम्ही पाहता, त्यांतला जोडीदार बहुधा खरोखर आवळत नसतो, आणि म्हणूनच ते ऐन वेळी उपयोगी पडत नाहीत.

हात आवरले, की मग सुटकेचा मुख्य भाग येतो, आणि तोच तुम्हाला सर्वांत जड जाणार आहे, कारण त्यात पाठ मॅटला लावायची असते. त्याची छाती तुमच्या पाठीला चिकटलेली आहे तोवर चोक जिवंत आहे. तुमचे दोन्ही खांदे मॅटवर आले, की त्याची छाती पाठीवरून सुटते, मग तुम्ही कंबर सरकवून त्याच्या पायावरून पलीकडे जाता, खालचा हूक हाताने अडवता आणि त्याच्याकडे तोंड करता. खांदे टेकवायचे ते त्याचा हात तुमच्या काखेतून आलेला असेल त्या बाजूला. खांद्यावरून आलेल्या हाताच्या बाजूला पडलात, तर तुमच्याच वजनाने फास घट्ट होतो. हे वाचताना सोपे वाटेल, पण ऐन वेळी तुमचे शरीर अडून बसेल, कारण खांदे टेकवणे म्हणजे हरणे, हे त्याला दहा वर्षे शिकवले गेले आहे. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे चोक बाजूला ठेवून, कोणी पाठीवर बसले असताना निव्वळ खांदे टेकवण्याचीच उजळणी करा. मला वाटते, तुमच्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक एवढ्यानेच कमी होतील.

बाकीच्या चोकचे थोडक्यात सांगतो. समोरच्याच्या दोन पायांमध्ये असताना तुमचे दोन्ही हात आत असावेत किंवा दोन्ही बाहेर. एक आत आणि एक बाहेर राहिला की ट्रँगल येतोच. तो लागू लागला तर मान खाली घालू नका, पाठ ताठ करून वर पाहा. गी, म्हणजे या खेळाचा जाड कापडाचा पोशाख, घातलेली असताना त्याचा हात तुमच्या कॉलरमध्ये खोल गेला, तर पहिल्याच हातावर तुटून पडा, दुसरा हात येण्याची वाट पाहू नका. रॉजर ग्रेसी हा अनेक वेळा विश्वविजेता ठरलेला खेळाडू माउंटवरून लावलेल्या साध्या कॉलर चोकसाठी ओळखला जातो. तो डाव व्हाइट बेल्टला अगदी सुरुवातीला शिकवतात, आणि तरीही जगातल्या उत्तमोत्तम ब्लॅक बेल्टना तो अडवता आला नाही. त्यामुळे नवनवीन चोकांची नावे गोळा करण्यात वेळ घालवू नये.

सराव कसा करायचा, हेही सांगायला हवे, कारण निव्वळ मोकळ्या रोलिंगमधून, म्हणजे सरावाच्या मोकळ्या लढतींतून, बचाव येत नाही. कोचना विनंती करून आठवड्यातून दोनदा तरी ठरावीक स्थितीतून सुरू होणाऱ्या लढती मागा : जोडीदार आधीच पाठीवर, हूक लागलेले, हात मात्र अजून गळ्यापाशी नाही. तीन मिनिटांत सुटलात किंवा टॅप केलात, की पुन्हा तिथूनच सुरुवात. पहिल्या आठवड्यांत जोडीदाराने हळू खेळावे, मग जोर वाढवावा. तुम्ही आवळणारे असाल तेव्हा फास बसल्यावर झटका न देता सावकाश दाब वाढवा, आणि हात गळ्याऐवजी जबड्यावर किंवा तोंडावर बसला असेल तर मुरगळत राहू नका; चोक नसताना निव्वळ मान व मणका मुरडणे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत सर्वच बेल्टना निषिद्ध आहे. पैलवानी जोराने जोडीदाराची मान दुखावलीत, तर पुढच्या वेळी तुमच्यासोबत सरावाला कोणी उतरणार नाही, आणि ते बरोबरच असेल.

स्पर्धेत अवश्य उतरा. मात्र त्याआधीच्या दोन महिन्यांत कोणाच्याही सांगण्याशिवाय वेळेवर टॅप करण्याची सवय लागली असेल, एवढी अट माझ्याकडून आणि, मी गृहीत धरतो, तुमच्या पत्नीकडूनही. आयोजकांकडून नियमपत्रिका आधीच मागून घ्या. महासंघाच्या नियमांत व्हाइट बेल्टची लढत पाच मिनिटांची असते, तिशी ओलांडलेल्यांसाठी मास्टर गट वेगळा असतो, तुम्हाला तिथेच नोंदणी करता येईल, आणि शुद्ध हरपली तर लढत हरली असे धरतात. पट काढल्यावर गुण मिळण्यासाठी वरचा ताबा तीन सेकंद टिकवावा लागतो, तेव्हा पाडल्याबरोबर पुढचा डाव शोधत मान पुढे करू नका; डोके वर, छातीचा भार, तीन सेकंद, आणि मगच पाय ओलांडायला लागा. वजनाचीही एक अडचण आहे. गीच्या लढतीत वजन गी घालूनच करतात, आणि पुरुषांच्या हेवी गटाची मर्यादा 94.3 किलो आहे. तुमचे 92 आणि गीचे दीड-दोन किलो धरले, तर तुम्ही अगदी काठावर येता. शेवटच्या दिवशी पाणी तोडून वजन उतरवण्याची जुनी युक्ती या वेळी वापरू नका. महिनाभर आधीपासून जेवण आवरून वजन दोन किलो कमी करा, आणि ज्या गीत उतरणार आहात, तीच घालून आदल्या आठवड्यात काट्यावर उभे राहा.